याजकाची पत्नी व एक संदिग्ध इब्री शब्द

शास्त्राच्या तासाला लेवीय पुस्तक उघडावयाचें म्हटलें, कीं वर्गांतील मुलांच्या मुद्रा उतरतात, हा आमचा नित्याचा अनुभव आहे. दाविदाची गोफण, योसेफाचा झगा, दानिएलाची सिंहांची गुहा ह्यांत जें मन रमतें, तें यज्ञ, शुद्धि व अशुद्धि ह्यांच्या नियमांत रमत नाहीं. आणि त्यांत मुलांचा फारसा दोष आहे असेंही आम्ही म्हणत नाहीं. परंतु एके दिवशीं ह्याच पुस्तकाच्या एकविसाव्या अध्यायावर आमच्या वर्गांतील एका विद्यार्थिनीनें असा प्रश्न विचारला, कीं तास संपल्याची घंटा झाली तरी आम्हांस त्याचें उत्तर पुरें करतां आलें नाहीं. तो प्रश्न, आणि त्याचा शोध करतांना जें आमच्या हातीं लागलें, तें विद्यार्थीमित्रांपुढें व त्यांच्या आईबापांपुढें ह्या लेखांत मांडण्याचें योजिलें आहे.

प्रथम तो अध्याय काय सांगतो तें थोडक्यांत पाहूं. अहरोनाच्या वंशांतील पुरुष हे इस्राएल लोकांचे याजक होते. त्यांनीं प्रेताच्या संसर्गानें अशुद्ध होऊं नये, असा त्यांस नियम होता. गणना ह्या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायांत सांगितल्याप्रमाणें, ज्याला प्रेताचा स्पर्श होई तो मनुष्य ७ दिवस अशुद्ध राही, व तिसऱ्या आणि सातव्या दिवशीं लाल गाईची राख घातलेलें पाणी त्याजवर शिंपडल्यानंतर तो शुद्ध होई. सामान्य मनुष्यास ह्यामुळें मोठी अडचण नव्हती. मेलेल्यास मूठमाती देणें हें चांगलेंच काम होतें, आणि तें करणारा सात दिवसांनीं शुद्ध होऊन पूर्ववत् व्यवहार करी. याजकाची गोष्ट मात्र वेगळी होती. त्याला पवित्रस्थानीं सेवा करावयाची असल्यामुळें त्यानें हरएक प्रेताजवळ जाणें मना होतें. तथापि नियमकर्त्यानें त्याचें हृदय पाषाणाचें समजलें नाहीं. आई, बाप, मुलगा, मुलगी, भाऊ व अविवाहित बहीण अशा सहा माणसांसाठीं त्यास मोकळीक दिली होती. मुख्य याजकास मात्र आईबापांसाठींही ती नव्हती.

आमच्या विद्यार्थिनीनें हीं सहा माणसें बोटांवर मोजलीं आणि विचारलें, “गुरुजी, ह्यांत बायको कोठें आहे? बायको वारली तर याजकानें तिच्या मातीलासुद्धां जाऊं नये काय?”

प्रश्न साधा दिसतो. परंतु दोन हजार वर्षांहून अधिक काळ ह्यावर पंडितांनीं विचार केला आहे, आणि त्याचें उत्तर दोन लहानशा इब्री शब्दांच्या अर्थावर अवलंबून आहे. ते शब्द “शेएर” व “बअल” हे होत. त्यांकडे वळण्यापूर्वीं इब्री भाषेविषयीं दोन गोष्टी सांगणें अवश्य आहे.

पहिली गोष्ट लिपीची. प्राचीन इब्री लेखनांत मुख्यतः व्यंजनें लिहीत. स्वर बहुधा वाचणारानें आपल्या ज्ञानानें भरावयाचे असत. स्वर दाखविणारीं टिंबें व रेघा इसवी सनाच्या सातव्या शतकानंतर यहूदी शास्त्र्यांनीं लावल्या. त्यामुळें एकच अक्षरसमूह दोन प्रकारें वाचतां येणें हें तेथें नवलाचें नाहीं. दुसरी गोष्ट शब्दांची. प्राचीन इब्री वाङ्मय जें आज आपणांस उपलब्ध आहे तें थोडें आहे, आणि एकेक शब्द पुष्कळ अर्थांचें ओझें वाहतो. ह्याच अध्यायाच्या पहिल्या वचनांत याजकानें ज्याच्यामुळें अशुद्ध होऊं नये तें सांगतांना “नेफेश” हा शब्द आला आहे. नेफेश म्हणजे श्वास, प्राण, जीव, व्यक्ति. परंतु येथें त्याचा अर्थ नेमका उलट, म्हणजे प्राण गेलेला देह, असा घ्यावा लागतो. मराठींत शब्दास शब्द ठेवून “जीवामुळें अशुद्ध होऊं नये” असें कोणी लिहिलें, तर वाचकास कांहींच बोध होणार नाहीं. म्हणून येथें भाषांतरकारास “प्रेत” अथवा “मृत” असा शब्द घालावाच लागतो. येथें संदर्भ स्पष्ट असल्यामुळें हानि होत नाहीं.

“अशुद्ध होणें” ह्या क्रियापदाशींही मराठी भाषांतरकारास झगडावें लागतें. आपल्याकडील वाचकास प्रेत व अशुद्धि हे दोन शब्द एकत्र दिसले, कीं लागलीच “सुतक” आठवतें. परंतु दोहोंत मोठें अंतर आहे. सुतक नात्यानें येतें. भाऊबंद शंभर कोसांवर वारला व बातमी कळली, तरी सुतक लागतें. प्रेत पाहिलें कीं नाहीं, हा प्रश्नच नसतो. इब्री नियमांतील अशुद्धि स्पर्शानें किंवा एका छपराखालीं असल्यानें येते. मेलेला मनुष्य सख्खा असो कीं परका, तिचे सात दिवस तेच. नातें तेथें अशुद्धि आणीत नाहीं. उलट, याजकानें ती कोणासाठीं पत्करावी एवढेंच तें ठरवितें. तेव्हां येथें “सुतक” हा घरगुती शब्द घातला, तर नियम जवळजवळ उलटा होऊन बसेल. “विटाळ” हा शब्द स्पर्शाचा आहे खरा, परंतु त्यांत माणसामाणसांतील उच्चनीचपणाचा जो कडवट वास मराठींत बसला आहे, तो मूळ शब्दांत नाहीं. आपल्या आईला मूठमाती देणारा याजक अशुद्ध होई, पण तो पापीही होत नसे व हलकाही ठरत नसे.

आतां मूळ प्रश्नाकडे येऊं. ज्यांच्यासाठीं मोकळीक आहे त्यांची यादी सुरू करण्यापूर्वीं नियमांत एक शब्द येतो. तो “शेएर” होय. जवळच्या “शेएर”साठीं याजकानें अशुद्ध व्हावें, असें म्हणून मग आई, बाप इत्यादि गणना होते. शेएर ह्याचा मूळ अर्थ मांस. निर्गम पुस्तकांत एके ठिकाणीं तो पत्नीस द्यावयाच्या अन्नाविषयीं आला आहे, आणि लेवीय पुस्तकांत तो रक्तामांसाच्या नातलगांस लाविला आहे. बहुतेक भाषांतरकारांनीं येथें “जवळचा नातलग” असा अर्थ करून पुढील सहा माणसें म्हणजे त्याचाच खुलासा, असें मानिलें. यहूदी शास्त्र्यांनीं मात्र निराळा अर्थ केला. नियमशास्त्रांत एकही शब्द व्यर्थ नाहीं अशी त्यांची श्रद्धा होती. तेव्हां “शेएर” हा केवळ पुढील यादीचा मथळा नसून यादींतील पहिलें माणूस असला पाहिजे, आणि तें माणूस म्हणजे पत्नी, असें त्यांनीं ठरविलें. फ्रान्स देशांतील त्र्वा नगराचे प्रख्यात टीकाकार राशी (१०४०–११०५) ह्यांनीं आपल्या टीकेंत हाच अर्थ दिला आहे. ह्या अर्थानें माणसें सहा नव्हेत, सात होतात. आणि त्यांत पत्नीचें स्थान आईच्याही आधीं येतें.

परंतु एवढ्यानें वाद मिटत नाहीं. कारण यादी संपल्यावर लगेच चौथ्या वचनांत दुसरा शब्द उभा आहे. तेथें आपल्या लोकांमध्यें “बअल” ह्यानें अशुद्ध होऊन आपणांस भ्रष्ट करूं नये, असा आशय आहे. बअल म्हणजे कोण? बैलाचा मालक तो बअल. घराचा मालक तोही बअल. स्वप्नें पाहणाऱ्या योसेफाला त्याचे भाऊ उपहासानें “स्वप्नांचा बअल” म्हणतात. कनानी लोकांच्या देवाचें नांवही तेंच. आणि स्त्रीचा बअल म्हणजे तिचा नवरा. होशेय संदेष्ट्याच्या दुसऱ्या अध्यायांत ह्या दुहेरी अर्थाचा मोठा मार्मिक उपयोग केला आहे. इस्राएल ही परमेश्वराची पत्नी. ती त्याला ह्यापुढें “बअल” अशी हाक न मारतां “माझा पुरुष” अशी हाक मारील, असें तेथें वचन आहे. म्हणजे धन्याचें नातें जाऊन प्रेमाचें नातें येईल, आणि त्या परक्या देवाचें नांवही तिच्या ओठांवर राहणार नाहीं.

तर मग याजकांच्या नियमांतील हा बअल मालक कीं नवरा? निरनिराळ्या भाषांतरकारांनीं काय केलें तें पाहण्यासारखें आहे. इसवी सनापूर्वीं तिसऱ्या शतकांत अलेक्सांद्रिया येथें ज्या यहूदी पंडितांनीं नियमशास्त्र ग्रीक भाषेंत आणिलें, त्यांच्या भाषांतरांत ह्या जागीं “एकाएकीं” असा शब्द आहे! बेथ, अयिन व लामेद ह्या तीन अक्षरांपैकीं शेवटचीं दोन त्यांनीं उलट क्रमानें वाचलीं असावींत असा तर्क करतां येतो. कारण गणना पुस्तकांत त्या उलट क्रमाच्या शब्दाचें भाषांतर ग्रीकमध्यें “एकाएकीं” असेंच केलेलें आढळतें. इ. स. ४०५ च्या सुमारास पुऱ्या झालेल्या जेरोम ह्यांच्या लॅटिन भाषांतरांत असें निघतें, कीं आपल्या लोकांचा अधिपति मेला तरी त्याच्यासाठीं याजकानें अशुद्ध होऊं नये. इ. स. १६११ च्या इंग्रजी भाषांतरांत याजक हाच लोकांतील प्रमुख पुरुष ठरतो, आणि प्रमुख असल्यामुळें त्यानें अशुद्ध होऊं नये असा अर्थ होतो. इ. स. १९६२ मध्यें अमेरिकेंतील यहूदी विद्वानांनीं प्रसिद्ध केलेल्या भाषांतरांत लग्नसंबंधानें झालेला नातलग ह्या नात्यानें त्यानें अशुद्ध होऊं नये, असा अर्थ आहे. शब्द एक, आणि वाटा चार!

ह्यांपैकीं ज्या अर्थांत बअल म्हणजे नवरा, तो अर्थ सरळ घेतला तर आमच्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचें उत्तर कठोर होतें. नवऱ्यानें, नवरा म्हणून, अशुद्ध होऊं नये. म्हणजे पत्नीच्या प्रेताजवळ याजकानें जाऊं नये. जन्माचें रक्ताचें नातें तेवढें खरें, लग्नाचें नातें त्या पंक्तींत बसत नाहीं, असा त्याचा भावार्थ. यहेज्केल संदेष्ट्याच्या चव्वेचाळिसाव्या अध्यायांत ही यादी पुन्हां येते, आणि तेथेंही पत्नीचा उल्लेख नाहीं, हें ह्या मताला पोषक आहे. उलट पक्षीं, यहूदी शास्त्र्यांनींही येथें बअल म्हणजे नवराच घेतला. परंतु ज्या स्त्रीशीं विवाह करणें याजकास मना होतें, अशा पत्नीविषयींच ही बंदी आहे, असें त्यांनीं ठरविलें. रीतीप्रमाणें विवाह केलेली पत्नी तर “शेएर” ह्या शब्दांत आधींच आली आहे. मग एका हातानें दिलेलें नियमशास्त्र दुसऱ्या हातानें काढून कसें घेईल, असा त्यांचा युक्तिवाद होता.

हा केवळ पंडितांचा वाद नव्हता, हें दाखविणारी एक गोष्ट तालमूदांत आहे. योसेफ नांवाच्या एका याजकाची पत्नी वल्हांडण सणाच्या आदल्या दिवशीं वारली. तो जर तिच्या प्रेतानें अशुद्ध झाला असता, तर त्याला सणाचा यज्ञ अंतरला असता. म्हणून तो तिच्याजवळ जाईना. तेव्हां त्याचे बंधु जे इतर याजक, त्यांनीं एकविचार केला आणि त्याच्या इच्छेविरुद्ध त्याला अशुद्ध होण्यास भाग पाडलें. वाचकहो, त्या प्रसंगाचें चित्र डोळ्यांपुढें आणावें. नगरांत सणाची गर्दी, घरांत पत्नीचें कलेवर, दारांत पाय अडखळलेला नवरा. त्याच्या भाऊबंदांनीं त्याला सांगितलें तें हेंच, कीं आज तुझें पवित्र काम मंदिरांत नाहीं, येथें आहे. ही गोष्ट एका तिसऱ्या संदिग्धतेशींही जोडलेली आहे. इब्री क्रियापदाचें जें रूप ह्या नियमांत आहे, त्याचा अर्थ “अशुद्ध होऊं शकतो” असाही होतो व “अशुद्ध व्हावेंच” असाही होतो. रब्बी इश्माएल ह्यांनीं पहिला अर्थ घेतला, म्हणजे ही केवळ परवानगी आहे. रब्बी अकीबा ह्यांनीं दुसरा घेतला, म्हणजे हें कर्तव्य आहे. योसेफाच्या गोष्टींत कर्तव्याचा पक्ष विजयी झालेला दिसतो.

स्वतः यहेज्केल हाही याजक होता. त्याच्या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायांत त्याची प्रिय पत्नी सायंकाळीं मरण पावते, आणि त्यानें रडूं नये, डोक्याचें पागोटें व पायांतील जोडा काढूं नये, अशी त्यास आज्ञा होते. सकाळीं लोक चकित होऊन त्याला ह्याचें कारण विचारतात. याजकानें पत्नीचा शोक न करणें हीच जर रीत असती, तर लोकांस आश्चर्य कां वाटावें? शोक करणें व प्रेताला शिवणें ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत, म्हणून ह्यावरून प्रश्नाचा निकाल लागतो असें आम्ही म्हणत नाहीं. तथापि याजकाच्या घरींही पत्नीचें मरण हें सर्वांच्या दृष्टीनें मोठें दुःख होतें, एवढें ह्यावरून निश्चित होतें.

आतां आमच्या मराठीचा विचार करूं. इब्री व मराठी ह्यांचा संबंध आजकालचा नाहीं. कोंकणांतील बेने इस्राएल लोकांची घरची भाषा पिढ्यान्‌पिढ्या मराठी होती, व त्यांच्यासाठीं डॉ. जॉन विल्सन ह्यांनीं मुंबईस इ. स. १८३२ मध्यें मराठींतून इब्री व्याकरण प्रसिद्ध केलें. पुढें केडगांवच्या मुक्तिसदनांत पंडिता रमाबाई ह्यांनीं इब्री व ग्रीक ह्या मूळ भाषांचा अभ्यास करून पवित्र शास्त्राचें सोप्या मराठींत भाषांतर केलें. इ. स. १९२२ मध्यें त्यांचें देहावसान झालें, व इ. स. १९२४ मध्यें तें भाषांतर छापून बाहेर पडलें. एकेका शब्दासाठीं विदुषीस किती श्रम करावे लागले असतील, ह्याची कल्पना वरील विवेचनावरून यावी.

योगायोग असा, कीं “बअल” ह्या शब्दाचें दुहेरी रूप दाखविणारा शब्द मराठींत आहे. खेड्यांतील स्त्री नवऱ्याविषयीं बोलतांना “आमचे धनी” किंवा “मालक” असें म्हणते, आणि गडीही ज्याच्या शेतावर राबतो त्याला धनीच म्हणतो. संस्कृतांतील “पति” ह्याचीही तीच गत आहे. सेनापति व भूपति ह्यांत तो स्वामी, घरांत तो नवरा. तेव्हां येथें “धनी” शब्द घातला तर मूळची संदिग्धता जशीच्या तशी राहील असें प्रथम वाटतें. परंतु शहरांतील वाचकास “धनी” म्हणजे धनवान् असें वाटून, श्रीमंत याजकांस वेगळा नियम होता कीं काय, अशी नवीच शंका उत्पन्न होईल! एका भाषेंतील संदिग्धता दुसऱ्या भाषेंत अखंड नेणें क्वचितच साधतें. बहुधा भाषांतरकारास एक अर्थ निवडावा लागतो, आणि तो निवडतांच दुसऱ्या अर्थाच्या आधारावर जगणारीं माणसें पृष्ठावरून नाहींशीं होतात. येथें तर तें माणूस म्हणजे याजकाची पत्नी होती.

मग प्रामाणिक भाषांतरकारानें काय करावें? ह्याचें उत्तर इ. स. १६११ च्या त्या इंग्रजी भाषांतरांतच सांपडतें. त्यांनीं मजकुरांत “प्रमुख पुरुष” असा अर्थ घेतला खरा, पण समासांत लहान अक्षरांत टीप दिली, कीं दुसऱ्या अर्थानें, नवरा असल्यामुळें त्यानें पत्नीसाठीं अशुद्ध होऊं नये, असेंही होतें. एवढ्या मोठ्या ग्रंथांत एवढीशी टीप! परंतु तिनें वाचकास सांगितलें, कीं येथें आम्ही निवड केली आहे, आणि तुम्हांस दुसरी वाट मोकळी आहे. शंका झांकून ठेवणाऱ्या भाषांतरापेक्षां ती उघड सांगणारें भाषांतर आम्हांस अधिक विश्वासार्ह वाटतें.

इ. स. ७० मध्यें रोमी सैन्यानें यरुशलेमाचें मंदिर पाडलें; यज्ञ बंद झाले, लाल गाईची राखही राहिली नाहीं. तथापि याजकांच्या कुळांतील धर्मनिष्ठ यहूदी पुरुष आजही कबरस्थानांत जात नाहींत. केवळ त्या जवळच्या नातलगांसाठींच ते प्रेताजवळ जातात. त्यांच्या गणतींत तीं माणसें सहा नाहींत, सात आहेत. “शेएर” ह्या एका शब्दाचा जो अर्थ त्यांच्या पूर्वजांनीं केला, त्याच्या बळावर आजचा नवरा आपल्या पत्नीच्या प्रेताशेजारीं उभा राहूं शकतो.

आमच्या विद्यार्थिनीस आम्हीं शेवटीं जें उत्तर दिलें तें असें: “मुली, बायकोचें नांव यादींत उघड लिहिलेलें नाहीं. पुष्कळ भाषांतरांत ती सांपडणार नाहीं. परंतु ज्यांनीं तो नियम स्वतः पाळला, त्यांनीं ती पहिल्याच शब्दांत आहे असें वाचलें, आणि एका नवऱ्याला हात धरून तिच्याजवळ नेलें.” तिचें पूर्ण समाधान झालें असें आम्ही म्हणत नाहीं. मूळ वचन कोणत्या अर्थानें लिहिलें गेलें, हा तिचा पुढचा प्रश्न होता, आणि तो योग्यच होता.

विद्यार्थीमित्रहो, तुमच्यापैकीं कोणी पुढें मूळ भाषा शिकून भाषांतराचें काम हातीं घेतील, कोणी घेणार नाहींत. पण वाचक तर तुम्ही सर्वच आहां. कोणताही भाषांतरित ग्रंथ वाचतांना, मग तो धर्माचा असो, कायद्याचा असो वा शास्त्राचा असो, समासांतील बारीक टीप सोडून देऊं नका. आणि जेथें यादी अपुरी वाटेल, तेथें त्या मुलीप्रमाणें बोटांवर मोजून विचारा, कीं ह्यांत कोण राहून गेलें आहे. आईबापांसही आमची विनंति आहे, कीं मुलांनीं घरीं असा प्रश्न केला तर तो अवघड म्हणून टाळूं नये. त्यांच्यासह पुस्तक उघडून बसावें. ह्या लेखानें एवढें जरी घडलें, तरी आमचे श्रम सार्थकीं लागले असें आम्ही समजूं.